तीन नंबरच्या खिडकीतला शिक्का

मी एक जुना, लाकडी मुठीचा शिक्का आहे. माझ्या रबरावर एकच शब्द आहे: 'हयात'. म्हणजे समोरचा माणूस जिवंत आहे. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. श्वास घेणाऱ्या माणसाला शिक्का कशाला? पण सरकारी मदत हवी असेल तर नुसते जिवंत असून भागत नाही.

कारागिराने माझी अक्षरे उलटी कोरली, म्हणून ती कागदावर सुलटी उमटतात. त्याच्या दुकानातून मी मदत कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत आलो. दर महिन्याला म्हातारी, अपंग माणसे येऊन तोंड दाखवत आणि लेखनिक बाई त्यांच्या कार्डावर मला उमटवीत. कार्डाला वर्षाच्या बारा चौकटी होत्या. शिक्का पडला की त्या महिन्याची मदत मिळे. एक आजोबा म्हणत, "बाई, जरा जोरात मारा. घरच्यांचाही विश्वास बसला पाहिजे." तेव्हा मी फार मिजाशीत असे.

बाईंच्या मागे साहेब बसत. काम नसले की दोघांचे वाजे.

"फुकटचं मिळायला लागलं की माणूस हलत नाही," साहेब म्हणत.

"हलता येत नाही म्हणूनच देतोय ना आपण?"

"आणि हा भार कोण उचलणार?"

"त्यांनी तरणेपणी उचललाच की, साहेब."

बाहेर वर्तमानपत्रांतही हाच वाद चालू होता. या खिडकीशी कधी उभे न राहिलेले लोक उंटावरून शेळ्या हाकत होते.

एका शिंपीकाकांचे अंग लुळे पडले होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, चार जणांच्या हातापाया पडून त्यांना तीन जिने उतरवून आणत. बाईंना ते बघवेना. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी बाराही चौकटींत मला उमटवले. "जा मावशी, आता वर्षभर त्यांना हलवू नका." मला त्या दिवशी धन्य वाटले.

शिंपीकाका पाचव्या महिन्यात वारले. मावशींनी दुसऱ्याच दिवशी कार्ड परत आणून दिले. पुढच्या एकाही महिन्याची मदत घेतली नाही. बाईंनी डोळे पुसले, कार्ड खणात ठेवले आणि त्यावर 'रद्द' लिहायचे राहून गेले.

मग तपासणीचे लोक आले. त्यांना ते कार्ड सापडले. माणूस गेलेला आणि पुढचे सात महिने 'हयात'. बाई खरे ते सांगत राहिल्या, पण वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आले: 'मेलेले मदत खातात'. वाद तिथेच संपला. फेरतपासणी होईपर्यंत सगळ्यांचीच मदत बंद झाली, सगळ्यांची कार्डे जमा झाली आणि बाईंची बदली झाली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे तर सुके काही नव्हतेच. साहेब वाद जिंकले होते.

मावशींचे स्वतःचेही कार्ड होते. नजर अधू झाल्याने शिवणकाम सुटले होते आणि त्या मदतीवरच त्यांची चूल पेटत असे. त्या बंद खिडकीची फळी वाजवत आणि साहेब ती किलकिली करत.

"साहेब, मी आहे अजून. बघा तरी."

"दिसतंय मला, मावशी. पण शिक्का मारायचा हुकूम नाही."

तीन महिने त्या आल्या. प्रत्येक खेपेला फळीचा आवाज हळू होत गेला. चौथ्या महिन्यात साहेब दिवसभर खिडकीकडे पाहत होते. संध्याकाळी त्यांनी खण उघडून मला हातात घेतले, थोडा वेळ धरले आणि परत ठेवले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, असे वाद घालाल. त्याआधी एकदा खिडकीबाहेरच्या माणसाचे तोंड पाहा. तुम्ही ऐकाल असे मला वाटत नाही, तरी सांगतो. माझे रबर आता तडकले आहे. मावशींचे कार्ड माझ्याच शेजारी खणात पडले आहे. त्याच्या शेवटच्या चार चौकटी कोऱ्या आहेत आणि मावशी हयात आहेत का, हे पाहायला अजून कोणी गेलेले नाही.