अँटवर्पपासूनची पट्टी

युरोपातून परत आल्यावर अनुपमाताईंनी सर्वांत आधी घरातला एसी बंद केला. ऑगस्ट महिना होता आणि घर दुबईतल्या अल कुसैसमध्ये होतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची.

"तिकडे कुठे होता एसी?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "खिडक्या उघड्या टाकून झोपत होते. गळा कसा मोकळा झाला! इतकी वर्षं या गार हवेनंच माझा आवाज आवळून धरला होता."

विजयकुमारांनी खांद्यावरच्या ओल्या पंच्याने मान पुसली. "अगं, तिकडे वीस डिग्री होतं. इथे चव्वेचाळीस आहे."

"शनिवारपर्यंत कळ काढा."

शनिवारी गणेशोत्सवातलं त्यांचं गाणं होतं. दुबई-शारजातले सगळे कानसेन तिथे जमायचे, आणि सगळ्यांना एकच ऐकायचं होतं: दौऱ्याने बाईंचा आवाज खरंच उजळलाय का?

उजळला होता, यात ताईंना शंका नव्हती. दौऱ्याची सुरुवात मात्र वाईट झाली होती. कोपनहेगनच्या पहिल्याच मैफलीत वरचा षड्ज लावताना आवाज फाटला. त्यांनी खोकल्यासारखं करून पाण्याचा घोट घेतला आणि वेळ निभावून नेली. श्रोत्यांना कळलं नाही. त्यांना कळलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी असा फाटलेला स्वर काय सांगतो, ते गाणाऱ्याला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. पण अँटवर्पला चमत्कार झाला. तोच षड्ज अलगद लागला, आणि पुढे बाझल, लिऑन, सगळीकडे लागत राहिला. लिऑनला खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना त्यांनी संध्याकाळचा पूरिया गायला, आणि लोक टाळ्या थांबवेनात.

त्यांची पट्टी काळी चार. हार्मोनियमची ती काळी पट्टी दाबली की जो स्वर निघतो, तो त्यांचा षड्ज. गुरूंनी लावून दिलेला. गुरू स्वतः सत्तरीतही काळी चारमध्ये गायल्या. शारजातल्या एका गायिकेने मध्यंतरी पट्टी उतरवली, तेव्हा ताई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "आज अर्धा स्वर उतरली, उद्या हळदीकुंकवाला भजनं म्हणेल."

गुरुवारी सकाळी लिऑनच्या आयोजकांनी मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवलं. ताईंनी फोन हार्मोनियमला टेकवून ठेवला, आपल्याच तानेबरोबर वाजवून बघावं म्हणून काळी चार दाबली, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. दोन्ही स्वर एकमेकांना कापत होते.

"अहो, या फोनचं काहीतरी बिघडलंय. सूर खाली येतोय."

विजयकुमार इंजिनिअर होते. त्यांनी फोन हातात घेऊन उलटसुलट केला. "फोन असा सूर उतरवत नाही. दुसरं काही लावून बघ."

त्यांनी कोपनहेगनचं लावलं. काळी चारशी तंतोतंत जुळलं, फाटलेल्या षड्जासकट. मग अँटवर्पचं लावलं आणि शेजारची, अर्धा स्वर खालची पांढरी पट्टी दाबली. पांढरी पाच. तीही तंतोतंत जुळली.

ताईंनी हार्मोनियमचा भाता मिटला. दौऱ्यात हार्मोनियम आणि तबला वाजवणारे त्या त्या गावचे होते. त्यांना पट्टी सांगायची आणि तानपुरा लावायचा, हे काम त्यांच्या शिष्येचं, शुभ्राचं. ताई फक्त तारा एकमेकींशी जुळल्यात ना, तेवढं बघत. शिष्येने लावलेली पट्टी कुणी तपासत नाही.

शुभ्रा अकरा वाजता आली. जन्मापासून दुबईत वाढलेली मुलगी, आर्किटेक्टच्या ऑफिसातली वर्षाची सगळी रजा घालून दौऱ्यावर आलेली. आत शिरताच तिने ओढणीने वारा घेतला.

"ताई, इट्स अ सॉना! एसी अजून बंद?"

"बस. अँटवर्पला पट्टी कुठली लावलीस?"

शुभ्राचा ओढणीचा हात थांबला. "पांढरी पाच."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

शुभ्राचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "कोपनहेगननंतर तुम्ही जेवलाही नाहीत. दौरा कॅन्सल करायचं बोलत होतात. आय जस्ट वॉन्टेड यू टु सिंग. नंतर सांगणारच होते. पण तुम्ही इतक्या खूश होतात, आणि मग ही एसीची गोष्ट सुरू झाली..."

स्वयंपाकघराच्या दारातून विजयकुमारांनी चाचरत विचारलं, "म्हणजे आता एसी लावायला हरकत नाही?"

कुणी हसलं नाही. त्यांनी लावला.

ताईंनी त्या दिवशी शिकवलं नाही. "शनिवारी काळी चारच लावायची," एवढं म्हणून त्या आत गेल्या. दोन दिवस त्यांनी काळी चारमध्ये रियाज केला. षड्ज कधी लागायचा, कधी निसटायचा.

शनिवारी हॉल भरला होता. शारजाची ती गायिका दुसऱ्या रांगेत बसली होती. शुभ्राने खाली मान घालून तानपुरा काळी चारला लावला. हार्मोनियमवर उपेंद्र होता. तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीतून रजा न मिळाल्याने दौऱ्यावर येऊ शकला नव्हता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"काळी चार ना, ताई?" त्याने नेहमीसारखं विचारलं. माईक चालू होता.

ताईंनी डोळे मिटून तारा ऐकल्या. इथेही खोकून पाण्याचा घोट घेता येणार होता. एकदा, फार तर दोनदा.

"नको," त्या म्हणाल्या. "पांढरी पाच. शुभ्रा, तारा उतरव."

हॉलमध्ये कुजबुज झाली. उपेंद्रने आपल्या स्केलचेंजर हार्मोनियमचा कळफलक एक घर सरकवला. तबल्यावरच्या वरदने हातोडी उचलली आणि तबला उतरवायला घेतला. माईकमुळे तो एकेक ठोका शेवटच्या रांगेपर्यंत गेला. एवढी खुलेआम पट्टी उतरवलेली तिथे कुणी पाहिली नसावी. दुसऱ्या रांगेतली गायिका पदर सावरत पुढे सरकून बसली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान लववली.

मागे शुभ्रा खुंट्या पिळत होती. घाईत एक तार जास्तच उतरली.

"सावकाश," ताई मागे न बघता म्हणाल्या. "आपल्याला कुठे जायचंय? नीट लाव. अँटवर्पला लावला होतास, तस्सा."