वाळू अडवायला

चमकीचा एक धागा सुरूच्या झाडाच्या वाळत चाललेल्या काडीला असा चिकटला होता की नखाने ओढूनही निघेना, आणि चंद्रकांताला त्या धाग्याचाच राग आला — धाग्याचा, अंगणात आडव्या पडलेल्या झाडाचा, आणि बोईसरच्या सोसायटीतल्या हिमानी मॅडमचा, जिने सकाळी चंद्रकांताची लादी पुसून होते न होते तोच हे झाड रिक्षात कोंबून दिलं होतं. नाताळ संपला. आता फेकायचं नाही म्हणे.

"परदेशात ना चंद्राताई, अशी झाडं किनाऱ्यावर पुरतात. वाळू अडते. तुमच्या नवापूरला किती उपयोग होईल!"

उपयोग! अगं बाई, ते उभं होतं तेव्हा दुसरं काय करत होतं? गोंडे लटकवून दिवाणखान्यात मिरवलंत, आणि आता मढं परत पाठवून मलाच शिकवतेस...

पण हे तोंडातून निघालं नव्हतं. कारण मॅडम पुढे म्हणाली होती, "तुमच्या एकनाथनीच तर आणून दिलं. सांगितलं नाही घरी?" आणि चंद्रकांता हसली होती — हो हो, सांगितलं की. का हसले मी?

घरामागच्या सुरूंच्या रांगेत एका झाडाचा नुसता बुंधा दिसला त्या दिवशी हाच नवरा केवढा ओरडला होता, चोरांच्या सात पिढ्या काढल्या होत्या, आणि तिने त्याला पाणी आणून दिलं होतं... सासूबरोबर कळश्या वाहून जगवलेलं झाड. त्या फटीतून आता वारा वाळू घेऊन थेट बांबूवर टांगलेल्या बोंबलांवर येतो. परवा रत्नाबाईने, दरवर्षी तिचाच माल उचलणाऱ्या रत्नाबाईने, एक बोंबील चावून थुंकला — "चंद्रे, सुकवलास का रेतीत लोळवलास?" — आणि रिकामी पाटी घेऊन शेजारच्या दारात गेली.

एकनाथ ओट्यावर जाळं सांधत होता.

"तू कापलंस?"

त्याने मान वर केली नाही. "बुडातनं फुटंल वाटलं. शेवग्यासारका."

"सुरू कदी फुटतो? दर्यावर जलम गेला तुजा!"

"दर्यावर गेला. झाडावर नाय."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचाच संताप आला. तो उठला, त्याने बुंध्याशेजारी खड्डा खणून झाड उभं केलं, पायाने वाळू दाबली. वाऱ्यासरशी काड्या झडल्या.

मोबाईल वाजला. मॅडम. लावलं का? फोटो पाठवा ना, ग्रुपवर टाकते.

तिने फोटोसाठी मोबाईल उचलला. मधोमध झाड, मागे समुद्र, आणि बाजूला तो बुंधा, कुऱ्हाडीच्या घावांसकट. ती जराशी डावीकडे सरकली. बुंधा झाडामागे गेला — आणि ती थबकली. सरक म्हणून कुणी सांगितलं नव्हतं... पाय आपले आपणच सरकले होते.

"काड की," एकनाथ म्हणाला. शर्टाची गुंडी लावून तो झाडाशेजारी उभा राहिला होता.

तिचा हात तसाच वर राहिला. राग होताच, पण सकाळपासून मॅडमकडे तोंड करून उभा असलेला तो राग आता हळूहळू वळत होता, आणि कुणाकडे, ते तिला इतक्यात बघायचं नव्हतं.