हाराशिवाय फोटो

रविवारी चित्राचं वर्षश्राद्ध आणि लावायला फोटो नव्हता. सकाळपासून अल्बम काढत होतो, ठेवत होतो. गॅसवर चहा ठेवलेला, तोही उतू गेला. आधार कार्डावरची बाई माझी बायको वाटत नव्हती.

शेवटी एक सापडला. आमची लेक क्षिप्रा दीड वर्षाची, आईच्या मांडीवर, तोंडभर श्रीखंड. चित्रा तिच्याकडे बघून मोकळी हसतेय. एरवी दात पुढे म्हणून फोटोत ओठ मिटून बसायची.

तसाच मानपाडा रोडवरच्या स्टुडिओत गेलो.

"काका, बाळ काढावं लागेल," तिथला विनीत म्हणाला. "हार घालणार ना? जिवंत माणसाच्या फोटोला घालत नाहीत. टेन्शन नका घेऊ, कॉम्प्युटरवर साफ होतं."

त्याने काढलं. मांडीवर साडी पसरवली. चित्राचे हात मात्र तसेच, काहीतरी धरल्यासारखे. ती रिकाम्या मांडीकडे बघून हसत होती.

"हे काय रे? वेड्यासारखी दिसतेय."

"हसू कमी करू थोडं?"

मी उठलो. रिक्षा स्टँडपर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. तिथूनच क्षिप्राला तिच्या सासरी, माजिवड्याला फोन केला.

"राहू दे ना मला, बाबा. हाराने काय होतंय?"

तिला सातवा लागलाय. मग तीच हळू म्हणाली, "नको. माझ्या सासूबाई हार बघतील."

मी परत आत गेलो. "विनीत, बाळ परत आण. आहे तसाच मोठा कर."

रविवारी माझी बहीण देवयानीताई मोगऱ्याचा हार घेऊन आली. "त्र्यंबक, फोटोला हार नाही? लोक काय म्हणतील?"

"ताई, त्यात क्षिप्रा आहे."

तिने क्षिप्राच्या पोटाकडे बघितलं आणि हार पिशवीत परत ठेवला. गुरुजींनी विचारलं तेव्हा तिनेच सांगितलं, "आमच्याकडे नाही घालत."

जेवणं झाल्यावर क्षिप्रा फोटोसमोर उभी राहिली.

"शी! तोंड तरी पुसायचं माझं."

"ती पुसणारच होती. मी आधी बटण दाबलं."

ती हसली, आईसारखी, दात दाखवून. मला बसवेना. मी चहा टाकायला आत गेलो.