दात्यांत अडकलेली अक्षता

मी हँडल फिरवून आकडेमोड करणारं यंत्र बोलतोय. अमरावतीच्या एका कॉलेजात, गणित विभागाच्या कपाटावर बसून बोलतोय. वापरायला मला मागवलंच नव्हतं, हे इथे आल्यावर कळलं.

१९६१ साली मी बडनेऱ्याला गाडीतून उतरलो. विभागप्रमुख भगवंतरावांनी मला हार घातला, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढवला आणि भरतकामाचा रुमाल टाकून मला झाकून ठेवलं. पाहुणा आला की रुमाल निघे. शून्याखेरीज काही दाखवायची पाळी या विद्वानांनी माझ्यावर येऊ दिली नाही.

मग हिवरखेडचा धर्मपाल आला. एम.एस्सी.चा विद्यार्थी. कपाशीवरची बोंडअळी पिढीमागून पिढी किती वाढते, याचं गणित त्याला मांडायचं होतं, म्हणजे फवारा कधी मारायचा ते आधीच कळेल. त्याची आई पंचफुला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. अकरा आठवडे तिने त्याच्यासोबत झाडामागून झाड अळ्या मोजल्या होत्या.

प्राणिशास्त्रवाले म्हणाले, यात अळीचं चित्र कुठे आहे? गणितवाले म्हणाले, अळीचं कसलं आलंय गणित? एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन विभाग त्याला हसायला तेवढे एकत्र आले.

प्रबंध दिवाळीआधी द्यायचा होता, नाहीतर वर्ष आणि शिष्यवृत्ती दोन्ही जाणार. त्याने मला मागितलं. दसऱ्याची पूजा होऊ दे, मग बघू, असं भगवंतराव म्हणाले.

पूजा झाली. हळद, कुंकू, नारळाचं पाणी आणि वर मूठभर अक्षता. गणिताच्या प्राध्यापकांनी यंत्रात तांदूळ टाकले आणि डोळे मिटून हात जोडले! एक दाणा माझ्या दात्यांत जाऊन रुतला.

दुसऱ्या दिवशी धर्मपालने आधी मला तपासून पाहिलं. नऊशे नव्याण्णवांत एक मिळवला. दाण्यामुळे हातचा पुढे सरकलाच नाही, आणि मी नऊशे नव्वद दाखवले. आत तांदूळ गेला असेल, उघडून काढू का, असं त्याने विचारलं.

"कालपर्यंत ठीक होतं," भगवंतराव म्हणाले. "तुझा हात लागला आणि बिघडलं."

कधीच न चालवलेलं यंत्र ठीक होतं, हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. आणि तो हात कुणाचा म्हणून त्यांना खटकला, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. तरी एकेक जण तास आहे म्हणत खडू उचलून निघून गेला. शिकलेल्या माणसांची मला तेव्हा किळस आली.

धर्मपालने लॉगची कोष्टकं घेऊन सतरा दिवस कागदावर आकडेमोड केली. प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, विभागात यंत्र असताना हे हाताने का केलं?

"सर, त्या मशीनले नारळ लागते," धर्मपाल म्हणाला. "मले उत्तर पाह्यजे होतं."

भगवंतराव उगाच पानं उलटत राहिले. धर्मपाल पास झाला आणि अकोल्याला नोकरीला लागला.

मी अजून इथेच आहे. यंदाही मला हार पडला. वाचकहो, उभ्या आयुष्यात एकाच माणसाने मला बेरीज विचारली, आणि त्यालाच मी चुकीचं उत्तर दिलं. अकोल्याकडे जाणारं कोणी असेल, तर माझी एवढी माफी त्याच्यापर्यंत पोचवा.