नोंद नाही

जर्मनांनी वसवलेल्या आमच्या लँगफर्ड गावातल्या ल्यूथरन चर्चमध्ये माणूस मेला की त्याचं जीवनवृत्त वाचतात. प्रवचनाच्या आधी पास्टर वाचतो. पण ते लिहिण्याचं काम घरच्यांना देत नाहीत, कारण घरचे खोटं लिहितात. ज्या बापाशी दहा वर्षं बोलणं नव्हतं तो मेल्याबरोबर देवमाणूस होतो. म्हणून मंडळीने नेमलेला एक लेखनिक असतो. जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरणाला मिळालेलं बायबलमधलं वचन, लग्न, मुलं, हुद्दे, शेवटचं प्रभुभोजन, एवढं तो चर्चच्या वहीतून उतरवतो, आणि मरणाऱ्याने स्वतः काही सांगून ठेवलं असेल तर तेही घालतो. एकदा वाचलेलं वृत्त चर्चच्या पुस्तकात चिकटवतात. मग त्यात काना-मात्रा बदलत नाही.

एकतीस वर्षं ही लेखनिक मी होते. हिल्डा नोस्के. एकशे चाळीस माणसं मी पानभर कागदात गुंडाळून मातीत घातली. लोक मला टरकून असत आणि मला ते आवडायचं, कशाला लपवू? पण लबाडी मी एकदाच केली.

अर्विन मिबुस आमच्या कौन्सिलचे क्लार्क होते. कौन्सिलचे चेअरमन येतात नि जातात, गाव चालवतो तो क्लार्क. मी त्यांची टायपिस्ट, सव्वीस वर्षं. ते सांगत आणि मी शॉर्टहँडमध्ये घेई. माझं शॉर्टहँड पुस्तकातलं राहिलं नव्हतं. त्यांच्या बोलण्याच्या वेगाबरोबर धावता धावता त्यात माझ्या इतक्या खाणाखुणा शिरल्या होत्या की मी आजारी पडले तेव्हा बदलीवर आलेली मुलगी माझी वही बघून रडायला लागली. मिस्टर मिबुस हसले आणि म्हणाले, "ही भाषा जगात दोघांनाच येते. बोलणारा मी, वाचणारी मिस नोस्के." ते वाक्य मी किती वर्षं जपून ठेवलं, ते सांगायची मला लाज वाटते.

गावाने त्यांच्यावर जीव टाकला, आणि उगाच नाही टाकला. काउंटरवर एखादी विधवा यायची, तिच्या जमिनीचा कागद सापडायचा नाही. दुसरा कुणीही म्हणाला असता, नोंद नाही, घरी जा. मिस्टर मिबुस म्हणायचे, "नोंद नाही? मग आत्ता करू." आणि टोपी घालून तिच्याबरोबर तिच्या शेतावर जायचे, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज भरायचे. मोठ्या दुष्काळात टँकरवर ड्रायव्हरशेजारी हे स्वतः बसलेले असत. पोहण्याचा तलाव, दवाखाना, स्मशानातली सरूची रांग, सगळं त्यांच्या काळातलं. निवृत्त झाले तेव्हा कॅथलिकसुद्धा रडले.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. बायको गेली तेव्हा त्यांनी मुलीला, इर्मगार्डला, ॲडलेडहून बोलावून घेतलं. ती तिथे शाळेत संगीत शिकवायची, छत्तीस वर्षांची होती, कुणा एका सुताराशी तिचं जमत आलं होतं. "सहा आठवड्यांसाठी ये," असं पत्र होतं. मीच ते टपालात टाकलं. त्या सहा आठवड्यांची एकोणीस वर्षं झाली. सुताराने दोन वर्षं वाट पाहिली. मुलगा डीटमार नाताळला यायचा, बापाला कारमधून फिरवायचा, आणि गाव म्हणायचं, काय गुणी मुलगा. इर्मगार्ड अंथरुणं धुवायची. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हता. तिला कुणी काही म्हणत नसे. बादलीला कोण काय म्हणतं?

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मिस्टर मिबुस यांनी मला निरोप धाडला. मी नवी वही घेऊन गेले. तासभर त्यांनी आपलं वृत्त सांगितलं, तारखांसकट. मी घेत होते, आणि खरं सांगते, वाट बघत होते. मग ती जागा आली. "कार्यालयाचं काम," ते म्हणाले, "कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने पार पडलं."

कर्मचारी. सव्वीस वर्षं.

मी तेही घेतलं.

पुढच्या महिन्यात त्यांना झटका आला. तोंड वाकडं झालं, पण शब्द कळायचे. एका गुरुवारी पुन्हा निरोप आला. इर्मगार्ड चादरी घेऊन बाहेर जाईपर्यंत ते थांबले.

"मिस नोस्के, आणखी एक ओळ."

"सांगा."

"माझी मुलगी इर्मगार्ड हिने एकोणीस वर्षं मला धुतलं, भरवलं. सहा आठवड्यांसाठी म्हणून मी तिला बोलावलं आणि परत जाऊ दिलं नाही. ते माझं पाप आहे. तिला मी तोंडाने कधी सांगू शकलो नाही, म्हणून सगळ्यांसमोर वाचावं."

ते रडत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "आणखी कुणाबद्दल काही?"

"आणखी कुणाबद्दल?" त्यांना खरंच कळलं नाही. "नाही, झालं. घेतलंस ना?"

"घेतलं," मी म्हणाले. आणि घेतलं होतंच. तो कागद मी वहीतून फाडला, माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवला, आणि टाइप केला नाही.

दहा दिवसांनी ते गेले. चर्चच्या घंटेने अठ्ठ्याऐंशी ठोके दिले. पहिल्या महायुद्धात सरकारने गावाचं जुनं जर्मन नाव पुसलं, घंटेवर ते अजून आहे. माणसं दारापर्यंत उभी होती. बापाच्या दफनविधीला ऑर्गनवर मुलगीच होती, दुसरं कोण बसणार? पास्टर दिसावा म्हणून ऑर्गनवर एक लहान आरसा लावलेला आहे. मी तिसऱ्या बाकावर बसते. तिथून त्या आरशात तिचं तोंड मला नीट दिसत होतं.

पास्टर वाचत गेला. तलाव, दवाखाना, टँकर. लोक डोळे पुसत होते. आरशातलं तोंड आवळलेलं होतं. बक्षिसांची नावं पुकारली जाताना लहान मुलं बसतात तशी ती बसली होती. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की तिला माहीत आहे. बापाने तिला सांगून ठेवलंय.

"त्यांच्या पश्चात मुलगा डीटमार, सून, तीन नातवंडं आणि मुलगी इर्मगार्ड असा परिवार आहे," पास्टरने वाचलं आणि कागदाची घडी घातली.

आता स्तोत्र सुरू व्हायला हवं होतं. झालं नाही. आरशातलं तोंड अजून वाट बघत होतं. पास्टर खाकरला. कुणीतरी मागे वळून पाहिलं. मग तिने हात उचलले आणि सहाची सहा कडवी वाजवली, एकही चूक न करता. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. वाटलंही, साधारण तिसऱ्या कडव्यापर्यंत.

नंतर हॉलमध्ये चहा झाला. बायकांनी श्ट्रॉयझल केक आणले होते, मेटवुर्स्ट सॉसेजची सँडविचेस होती, शेपू घालून मुरवलेल्या काकड्या होत्या. काकड्यांची बशी पुढे सरकवत वाल्डा शिर्मर म्हणाली, "सुटली बाई इर्मगार्ड."

"सुटली कसली?" दुसरी म्हणाली. "आता कुणाला धुवेल? हाताला सवय लागलीय."

"तुझ्या नवऱ्याला पाठव की."

"घेईल का? नेऊन टाकते उद्याच."

सगळ्या हसल्या, मीही हसले. डीटमार येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हिल्डा आँटी, बाबांना अगदी हुबेहूब उतरवलंत." मी म्हणाले, माझं कर्तव्यच होतं.

मोरीपाशी इर्मगार्ड कप पुसत होती. बापाच्या मयतीला आलेल्यांचे कप. मला बघून तिने फडकं खाली ठेवलं.

"आँटी, बाबांनी तुम्हाला एक ओळ सांगितली होती."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणाले. त्या गुरुवारी, तुम्ही गेल्यावर. म्हणाले, हिल्डाला दिलंय, चर्चमध्ये ऐकशील."

"अगं, झटक्यानंतर माणूस काय वाट्टेल ते बरळतो."

"काय होती ते नका सांगू." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "होती का, एवढंच सांगा. मी पुन्हा विचारणार नाही."

एक हो म्हणायचं होतं. कागद तिथेच, माझ्या पिशवीतल्या पुस्तकात होता. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तो म्हातारा दिसला, तिच्यासाठी रडणारा.

"नोंद नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली, फडकं उचललं आणि उरलेले कप पुसले. विचारणार नाही म्हणाली होती, पुन्हा विचारलं नाही.

याला चार वर्षं झाली. डीटमारने घर विकलं. इर्मगार्ड हॉलच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. माझे डोळे गेले. कडेकडेचं थोडं दिसतं, मधलं काही नाही. डावा हात लुळा पडला, तोंडही त्याच बाजूला जरा ओघळतं. मी वृद्धाश्रमात असते. तिथे सगळे माझ्याशी मोठ्याने आणि गोड बोलतात, मी बहिरी नाही तरी. लेखनिकाचं काम मंडळीने दुसऱ्या कुणाला तरी द्यायलाच हवं होतं.

मागच्या मंगळवारी दारावर टकटक झाली. "आँटी, मी इर्मगार्ड. पास्टरनी मला नेमलंय. तुमचं वृत्त घ्यायला आले. आधी घेतलेलं बरं असतं."

"बरं असतं," मी म्हणाले. मीच तर लोकांना असं म्हणायची.

ती बसली. जन्म विचारला, बाप्तिस्मा विचारला, दृढीकरणाचं वचन विचारलं. पेन्सिल कागदावर कुरकुरत होती. डोळे गेले की कान तिखट होतात.

"लग्न?"

"तुला माहीत आहे."

"विचारावं लागतं. अविवाहित." कुरकुर. "मुलं नाहीत." कुरकुर. "कौन्सिलमध्ये टायपिस्ट." कुरकुर. "आणि लेखनिक. स्वतःहून आणखी काही सांगायचंय?"

मी चार वर्षं तयार ठेवली होती ती ओळ सांगितली. "मिस्टर मिबुस यांच्या कामात हिल्डा नोस्के यांचा निम्मा वाटा होता, आणि ते त्यांना मानत असत."

पेन्सिल कुरकुरली नाही.

"लिहिलंस?" मी विचारलं.

"हो, लिहिलं."

कुरकुर तर झालीच नव्हती, मी घाबरले. हसू नका. एकदा वाचलेलं बदलत नाही, आणि माझ्यामागे विचारायला कुणी नाही. मी उशीखालचं स्तोत्रांचं पुस्तक चाचपलं, कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "तुझ्या बापाची ओळ. सांगितली होती त्यांनी. हा घे कागद."

तिने तो घेतला. कागद उलटापालटा केल्याचा आवाज आला.

"हे शॉर्टहँड आहे."

"हो."

"कोण वाचणार?"

माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला दिसत नव्हतं. म्हणून मी तोंडपाठ म्हणून दाखवली, शब्दन् शब्द: एकोणीस वर्षं, सहा आठवडे, ते माझं पाप आहे. म्हणता म्हणता माझ्या तोंडाच्या कडेने लाळ गळत होती. मला लाज वाटत होती, खरंच वाटत होती, आणि तरी मी मनात म्हणत होते, आता तरी लिहील.

"आँटी," ती म्हणाली, "ही तुम्ही आत्ता रचली नाहीत कशावरून?"

"त्या कागदावर आहे ना."

"कागदावर रेघोट्या आहेत. किराण्याची यादीही असेल." खुर्ची सरकली. "त्या दिवशी मी कप पुसत होते तेव्हा हो म्हणाला असतात तर मी गुडघे टेकले असते. आता तुम्हाला काहीतरी हवंय. आता मी कसं मानू? सांगा ना. मला मानायचंय."

तिचा आवाज तिथे फाटला, एवढा एकदाच. मी म्हणाले, "तुझे बाबा म्हणायचे, नोंद नाही? मग आत्ता करू."

"ते काउंटरवर," इर्मगार्ड म्हणाली. "बाहेरच्यांना."

तिने कागद परत पुस्तकात ठेवला आणि पुस्तक माझ्या चांगल्या हाताखाली सरकवलं. मग रुमाल काढून माझी हनुवटी पुसली, सफाईने, दोन फटक्यांत. हाताला सवय होती तिच्या. पाणी हवंय का विचारलं. दारापाशी पोचल्याचं मला पावलांवरून कळलं.

"इर्मगार्ड, ती माझी ओळ. लिहिलीस ना?"

"लिहिली, आँटी," ती म्हणाली, आणि दार हळूच ओढून घेतलं.