शंभर बाळांचं वजन

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात लोहाऱ्याभोवतीच्या खडी फोडायच्या कामांवर मी नर्स होते. अडीच किलोच्या आतलं बाळ जन्मलं की त्याच्या आईला रोज दुप्पट सुकडी, म्हणजे कामावर वाटायचा सरकारी पौष्टिक खाऊ, द्यायची, असा नियम होता. मग जिल्ह्याच्या साहेबांच्या मनात आलं, अडीच हा परक्यांचा आकडा. आपल्या बाळांचं आपलं प्रमाण हवं. म्हणून आठ महिन्यांत मी शंभर बाळं तोलली. नवजात लेकराला परका हात लावू देत नाहीत, त्यामुळं काट्याला टांगायची झोळी हरणाबाई सुईण बांधायची. मी नुसता काटा वाचायचे.

शंभरी भरली तसे साहेब जीपमधून आले. सरासरी निघाली दोन किलो दोनशे. साहेब खूश.

"सिस्टर, आपल्याकडची बाळं मुळातच लहान. उद्यापासून दोन किलोचं बाळ ठणठणीत धरा. त्याच्या आईची जादा सुकडी बंद."

समोर पुतळाबाई उभी होती, चार दिवसांची बाळंतीण. तिची पोर दोन किलो शंभर. माझं डोकंच सणकलं. उपाशी बायांची लेकरं तोलायची आणि त्यालाच प्रमाण म्हणायचं?

"साहेब, आधी ह्या बायांना पोटभर घाला, मग तोला."

"आकडे खोटं बोलत नाहीत. तोलून दाखवा."

हरणाबाईनं पोर झोळीत घातली. काटा दोन किलो शंभरवर. तेवढ्यात झोळीतून छिन्नी खणकन दगडावर पडली आणि काटा एक किलो नऊशेवर आला.

"हे काय?" साहेब ओरडले.

"लोखंड," हरणाबाई म्हणाली. "नजर लागू नये म्हनून बारशापस्तोर लेकरापासनं हलवत न्हाईत. समद्याच झोळ्यांत व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब मात्र लगेच सावरले. "दोनशे ग्रॅम सगळ्यांतून वजा करा. प्रमाण आणखी खाली येईल, बरंच झालं."

"कुणाची छिन्नी, कुणाचा खिळा, कुणाचं इळ्याचं पातं," हरणाबाई तडकली. "काय काय वजा करताल?"

मी रजिस्टर ओढलं. शंभरही वजनांवर आडव्या रेघा मारल्या, खाली लिहिलं, 'सर्व वजनं चुकीची, चूक माझी,' आणि सही ठोकली.

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ द्या. तुमचं प्रमाण तर गेलं. तोवर नियम अडीचाचाच."

आणि त्यांच्यादेखत मी पुतळाबाईला म्हटलं, "पदर धर गं." सुकडीची दोन मापं घातली. दोन्ही शिगोशीग भरलेली.