देलूचं रान इलाच्या बांधापलीकडे

बकरीच्या पापण्या धुळीने पांढऱ्या.

मडक्यावर झाकण, झाकणावर फडकं, तरी पाण्याच्या तळाशी बोटभर गाळ.

भर दुपारचा सूर्य, पण चंद्रासारखा. खुशाल बघावं.

लेकीच्या लग्नासाठी रचून ठेवलेले तामचिनी वाडगे, अकरा. लागणार चाळीस.

खोकला.

देलू दारात उभी राहते, आत येते, पुन्हा दारात जाते. रान इथून दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते जागेवर असेलच, असं नाही.

ते रान तिचं एकटीचं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने तोडून दिलेला तुकडा. कानो शहरात मजुरीला गेलेल्या नवऱ्याचाही तिथल्या बाजरी-भुईमुगावर हक्क नाही. उरलेले वाडगे भुईमुगाच्याच तेलाच्या पैशातून यायचे होते.

दरवर्षी कापणीनंतर ती बाजरीची धसकटं गुडघ्याएवढी उभी ठेवायची, मधली झुडपं तोडायची नाही. यंदा विहिरीवर धाकट्या दिराने, इलाने, सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, ते रान आहे की म्हाताऱ्याची दाढी?"

तुझ्याही रानात धसकटं आहेतच की, असं तिने सुनावलं.

"पुरुषाची दाढी चालते. बाईच्या अंगणात केर दिसू नये."

बायका हसल्या. दीर-भावजयीने एकमेकांची थट्टा करायची, त्यावर रागवायचं नाही, उलट एक ठेवून द्यायची आणि विसरायचं, ही तिथली रीतच. देलूची त्या दिवशी उलट ठेवून द्यायची राहून गेली. लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं त्या रानावरूनच येणार होती. दुसऱ्या दिवशी तिने सगळं मुळापासून उपटलं, पेटवलं, रान झाडून काढल्यासारखं केलं.

मग हरमटन सुटला, वाळवंटाकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी ती रानात गेली. कुदळ मारली तर टण् वाजली. वरची बारीक माती आभाळात गेली होती. जड होती ती बांधापलीकडे, इलाच्या धसकटांना अडून ढीग लावून बसली होती.

इला तिथेच उभा होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी थट्टा केली होती, वहिनी."

"माहीत आहे."

देलू बांध ओलांडून त्याच्या रानात वीस पावलं आत गेली आणि कुदळीने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"इथवर माझं. माती माझी आहे."

इला हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला. पण भावजयीच्या थट्टेवर भांडायचं तरी कसं?

"आणि धसकटं?"

"ती तुझी. राहू देत उभी."

पावसाळ्यात तिने भुईमूग तिथेच पेरला. वारा उठला की अजूनही ती दारात जाते, आत येते, पुन्हा दारात जाते.

धसकटं राखायला इलाला तीन वर्षांपूर्वी देलूनेच शिकवलं होतं.